मित्रांची कबड्डी फँटसी लीग : पकडीला किती गुण द्यायचे?

आमच्या इंजिनिअरिंगच्या ग्रुपवर आम्ही दहा जण. चौघं साताऱ्याकडचे, पाच सांगलीकडचे आणि एक सोलापूरचा. २०२४ मध्ये प्रो कबड्डीचा अकरावा हंगाम सुरू झाला तेव्हा आम्ही गूगल शीटवर स्वतःची फँटसी लीग चालू केली. शीट मी बनवली, कारण ग्रुपमध्ये सॉफ्टवेअरवाला मी. गुणपद्धत ठरवायला मला पाच मिनिटं लागली: चढाईचा एक गुण म्हणजे एक गुण, पकडीचा एक गुण म्हणजे एक गुण. स्कोअरबोर्डवर असतं तसंच.

तिसऱ्या आठवड्यात तळाला कोण होतं? आमच्यातला कबड्डी सगळ्यात जास्त कळणारा माणूस. कराडजवळच्या एका गावाच्या संघातून तो बरीच वर्षं डाव्या कोपऱ्यावर खेळलाय. त्याने संघ निवडताना चांगले बचावपटू शोधून शोधून घेतले होते. आणि ज्याने फक्त रील्स बघून तीन नावाजलेले चढाईपटू उचलले होते, तो पहिला. कोपऱ्यावाला म्हणाला, "तुझ्या शीटला पकड दिसतच नाही."

मग मी दुसरी चूक केली. हंगामाच्या मध्यावर पकडीचे गुण तिप्पट केले आणि मागचे सगळे सामने नव्याने मोजले. तो एका रात्रीत दुसरा आला. पहिले तिघं भडकले, त्यातले दोघं लीग सोडून गेले. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावालाही गेला. "मी बरोबर खेळत होतो हे शीटने दाखवायला हवं होतं. तू मला ग्रेस मार्क दिलेस," एवढंच लिहून.

२०२५ च्या बाराव्या हंगामाआधी मी ती पद्धत पुन्हा पहिल्यापासून बनवली. ती कशी बनवली, कोणता आकडा कुठून आला आणि तुमच्या ग्रुपसाठी तुम्ही काय बदलू शकता, ते या लेखात आहे. खेळ कबड्डी आहे, पण हिशेबाची रीत क्रिकेट, खो-खो, फुटबॉल कशालाही लागू पडते.

पैशांचं आधीच सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर देशभर बंदी आली. ड्रीम११ सारख्या अ‍ॅप्सनी पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. त्यामुळे आपली लीग पूर्ण फुकट. ना एंट्री फी, ना शेवटी 'सगळ्यांनी शंभर-शंभर यूपीआय करा'. आमच्याकडे शेवटी येणाऱ्याने भेटीच्या वेळी भडंग आणायचा असतो, बस्स.

बेसबॉलवाल्यांनी हे आधी सोडवलंय

फँटसी खेळांचा आजचा साचा अमेरिकेतल्या बेसबॉलमधून आला. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट नावाच्या लेखक-संपादकाने मित्रांसोबत अशी लीग सुरू केली. न्यूयॉर्कमधल्या ज्या रेस्टॉरंटमध्ये ही मंडळी जमायची त्याचं नाव ला रोटिसरी फ्रान्सेझ, म्हणून त्या प्रकाराचं नाव पडलं 'रोटिसरी लीग'. त्यात घटनेला भाव नव्हताच. प्रत्येक आकड्यासाठी वेगळी क्रमवारी लावायची, दहा संघ असतील तर पहिल्याला दहा, शेवटच्याला एक, आणि सगळ्या क्रमवाऱ्यांची बेरीज करायची. 'पकडीला किती गुण' हा वादच उरत नाही. तुमचा ग्रुप फारच भांडखोर असेल तर ही पद्धत घ्या. तोटा इतकाच की रात्री सामना बघताना 'आत्ता मला किती मिळाले' हे कळत नाही, आणि निम्मी मजा तिथेच असते.

आपल्याला जास्त उपयोगी आहे ती बेसबॉलचीच दुसरी कल्पना, आणि ती फँटसीपेक्षा जुनी आहे. जॉर्ज लिंडसे नावाच्या कॅनडाच्या संशोधकाने १९६३ मध्ये शेकडो सामन्यांच्या नोंदींवरून हिशेब मांडला की मैदानावरची एकेक घटना संघाला सरासरी किती धावांची पडते. बेसबॉलमध्ये 'सिंगल' म्हणजे फलंदाज पहिल्या बेसपर्यंत पोचतो. 'होम रन' म्हणजे चारही बेस पार करून थेट धाव. वरवर वाटतं की होम रन सिंगलच्या चौपट. पण अशा हिशेबात सिंगलची किंमत येते साधारण अर्धी धाव आणि होम रनची साधारण १.४ धावा, म्हणजे तिप्पटच्या आसपास. कारण सिंगल मारणाराही पुढे धाव होऊ शकतो आणि आधी बेसवर असलेल्याला पुढे सरकवतो. स्कोअरबोर्डवर त्या क्षणी काहीच हलत नाही, पण संघाची बाजू सुधारलेली असते.

आमच्या पहिल्या शीटची चूक हीच होती. मी स्कोअरबोर्डवरचा आकडा घेतला आणि त्यामागचं सोडलं.

कबड्डीत एका गुणामागे काय दडलंय

कबड्डीचे जुने तीन प्रकार तुम्ही ऐकले असतील: अमर, गनिमी आणि संजीवनी. आज मॅटवर जी खेळतात ती संजीवनी प्रकारातली. समोरचा गडी बाद केला की आपला बाहेर बसलेला एक गडी जिवंत होऊन आत येतो. समोरचे सगळे सात बाद झाले की लोण, त्याचे दोन जादा गुण.

म्हणजे चढाईपटूने एकाला हात लावला की तीन गोष्टी होतात. एक गुण मिळतो. समोरचा संघ लोणाच्या एक पाऊल जवळ जातो. आपला कुणी बाहेर असेल तर तो आत येतो, म्हणजे आपण लोणापासून एक पाऊल लांब जातो.

आता त्या पावलाची किंमत काढू. सात गडी बाद झाले की दोन गुण, तर एका गड्यामागे दोन भागिले सात, म्हणजे ०.२९ च्या आसपास. समोरचा एक बाहेर गेला त्याचे ०.२९, आपला एक आत आला त्याचे ०.२९, आणि मूळ एक. बेरीज १.५८, म्हणजे दीड म्हणायला हरकत नाही.

आणि बोनस? समोर सहा किंवा सात बचावपटू असताना चढाईपटूने बोनस रेषा ओलांडली की एक गुण. पण बोनसवर कुणी बाद होत नाही आणि कुणी जिवंतही होत नाही. त्यामुळे बोनसची किंमत नुसती एक. स्कोअरबोर्डवर बोनस आणि स्पर्श सारखे दिसतात, पण खेळात स्पर्श दीडपट भारी आहे. गावच्या स्पर्धेत आत दोनच गडी उरले असताना बाहेर बसलेले ओरडत असतात, 'गडी काढ, गडी काढ', त्यामागचं गणित हेच.

अपूर्णांक नको असतील तर सगळ्याची दुप्पट करा. बोनस २, स्पर्श ३. पकडीतही स्पर्शासारखंच होतं, समोरचा एक बाहेर, आपला एक आत, म्हणून तिची मूळ किंमतही ३. आत तीन किंवा कमी गडी असताना केलेली पकड म्हणजे अव्वल पकड, तिला स्कोअरबोर्डवर एक जादा गुण असतो, म्हणून तिचे ५.

हा हिशेब ढोबळ आहे. आपले सातही आत असतील तर जिवंत करायला कुणी नसतं, मग स्पर्शाची किंमत थोडी घटते. समोर एकच गडी उरलेला असेल तर त्याला बाद करण्याची किंमत खूप वाढते. प्रत्येक चढाईची परिस्थिती वेगळी मोजता येईल, पण ग्रुपमधल्या कुणालाही फोनवर बोटं मोजून पडताळता आली पाहिजे अशीच पद्धत ठेवा. जी पद्धत समजत नाही तिच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही, मग ती कितीही अचूक असो.

यातूनच दोन गोष्टी आपोआप सुटतात. लोणाचे दोन गुण शेवटच्या गड्याला बाद करणाऱ्याच्या नावावर वेगळे चढवायचे नाहीत, कारण ते आपण सातही स्पर्शांत आधीच वाटून टाकलेत. आणि एका चढाईत तीन किंवा जास्त गुण घेतले तर 'सुपर रेड' म्हणून वेगळं बक्षीस नाही, कारण तिन्ही गडी आधीच मोजलेत. तयार अ‍ॅप्समध्ये अशी दुहेरी मोजणी बरीच असते. टाळ्यांना ती बरी, न्यायाला नाही.

वजा गुण : इथे जरा थांबा

चढाईपटू पकडला गेला तर संघाचं नुकसान स्पर्शाएवढंच, म्हणजे उणे ३. पण तसे द्यायचे का?

एका चढाईपटूचा सामना घ्या. सात स्पर्श, तीन बोनस, पाच वेळा बाद. उणे ३ धरले तर २१ अधिक ६ वजा १५, म्हणजे १२. दुसरा एक राखीव खेळाडू शेवटी दोन मिनिटांसाठी आला, एक स्पर्श केला, तीन घेऊन गेला. पहिल्याने अख्ख्या सामन्याचं ओझं वाहिलं आणि दोघांत फरक फक्त नऊचा. हे पटत नाही, कारण कबड्डीत चढाई हा पर्याय नसतो. दर तीस सेकंदांनी कुणाला तरी जावंच लागतं. जो जास्त जातो तो जास्त वेळा पकडला जाणारच. म्हणून आम्ही बाद झाल्याचे फक्त उणे १ ठेवले. क्रिकेटमध्ये आपण बाद होणाऱ्या प्रत्येक फलंदाजाचे गुण कापत नाही, तसंच थोडंफार.

रिकाम्या चढाईला मात्र एकही वजा गुण देऊ नका. 'नुसता जाऊन आला' म्हणून उणे अर्धा द्यावा असं आमच्यातल्या दोघांचं म्हणणं होतं. पण दोन चढाया रिकाम्या काढून तिसरी करो या मरो करायची, तोवर घड्याळ खायचं, हा प्रशिक्षकाचा डाव असतो. आघाडीवरचा संघ शेवटची पाच मिनिटं असाच खेळतो. खेळाडू सांगितलेलं काम चोख करतोय आणि तुमची शीट त्याला शिक्षा करतेय, असं होतं. करो या मरोच्या चढाईलाही वेगळा भाव नको. यश आलं तर स्पर्श मोजलाच, अपयश आलं तर बाद मोजलाच.

फसलेल्या पकडीवर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. पहिल्या वर्षी तिप्पट गुण दिले तेव्हा फसलेल्या पकडीला शून्य होतं. त्यामुळे जो बचावपटू समोर येईल त्याच्यावर झेप घेतो त्याचा फायदा झाला, आणि जो शांत उभा राहून चढाईपटूला कोपऱ्यात ढकलतो त्याचा तोटा. मग उणे २ करून बघितलं. तेव्हा उलटंच झालं: सतत अंगावर घेणारे दोन्ही कोपरे खाली गेले आणि दिवसभरात एकही पकड न करणारे वर आले. शेवटी उणे १ वर थांबलो. पकडीचे ४ आणि फसलेल्याचे उणे १ असतील तर पाचात एक पकड साधणारा शून्यावर येतो, त्याहून बरा असेल तर कमावतो.

४ कुठून आले? आत्ताच तर ३ म्हणालो होतो.

शीटला न दिसणारी पकड

२०१७ च्या पाचव्या हंगामात परदीप नरवालने चढाईचे ३६९ गुण घेतले. २०१८ च्या सहाव्या हंगामात नितेश कुमारने पकडीचे १०० गुण पूर्ण केले, एका हंगामात शंभर गाठणारा तो पहिला बचावपटू. त्याच सहाव्या हंगामात पवन सेहरावत चढाईत पहिला होता, २७१ गुणांसह. म्हणजे एकाच हंगामातला सगळ्यात चांगला बचावपटू शंभरावर आणि सगळ्यात चांगला चढाईपटू त्याच्या पावणेतीन पट. मग नितेश कुमार पवनच्या एक तृतीयांश चांगला खेळाडू होता का? कबड्डी बघणारा कुणीही असं म्हणणार नाही.

याची दोन कारणं आहेत. पहिलं, चढाईपटू एकटा जातो, त्यामुळे जे घडेल ते त्याच्या नावावर. पकड चौघांची असते. कोपरा घोटा धरतो, शेजारचा मध्यरक्षक धडक देतो, साखळीतला तिसरा मध्यरेषेकडची वाट अडवतो. अधिकृत आकड्यांत गुण एकाच्या नावावर लागतो. बाकीच्या तिघांचं काम कुठल्याच रकान्यात नसतं. दुसरं कारण, बचावाचं बरंचसं काम म्हणजे काहीच न घडू देणं. चढाईपटू रिकामा परत गेला तर तो कोपऱ्याचा विजय असतो, पण शीटमध्ये ती नुसती एक रिकामी ओळ.

हे न दिसणारं काम मोजायला माझ्याकडे आकडा नाही, म्हणून पकडीला एक गुण वाढवला: ३ चे ४, अव्वल पकडीचे ५ चे ६. हा एक गुण हिशेबातून निघालेला नाही, तो माझा अंदाज आहे, आणि मी तो ग्रुपला तसाच सांगितला. तुम्हीही सांगा. कुठला आकडा गणिताचा आणि कुठला मताचा, हे उघड असलं की भांडण निम्म्याने कमी होतं.

आता आकडे लावून बघू. वरचा चढाईपटू: सात स्पर्शांचे २१, बोनसचे ६, पाच वेळा बाद उणे ५, एकूण २२. एक बचावपटू: तीन साध्या पकडी १२, एक अव्वल पकड ६, तीन फसलेल्या उणे ३, एकूण १५. स्कोअरबोर्डच्या पद्धतीने हेच दोघं १० आणि ५ होते. दुपटीचं अंतर दीडपटीवर आलं. बरोबरीवर आणायचा हट्ट मी धरला नाही, कारण चांगला चढाईपटू खरोखरच सामना फिरवतो. दबंग दिल्लीकडून खेळताना आपल्या सांगली जिल्ह्याच्या काशिलिंग आडकेच्या चढाया ज्यांनी बघितल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको.

उरलेलं काम निवडीचे नियम करतात

बरेच जण सगळा न्याय गुणांच्या भावातच कोंबायला जातात. खरं तर निम्मा न्याय संघनिवडीत असतो. आमच्या नियमात प्रत्येकाने सहा खेळाडू घ्यायचे: दोन चढाईपटू, तीन बचावपटू, एक अष्टपैलू. आणि एक खेळाडू एकाच मित्राकडे.

असं केलं की तुलना चढाईपटू विरुद्ध बचावपटू अशी राहत नाही. दहा मित्र, प्रत्येकी तीन, म्हणजे तीस बचावपटू उचलले जातात. तुमच्या बचावपटूची खरी किंमत म्हणजे तो एकतिसाव्यापेक्षा, म्हणजे कुणालाही फुकट मिळू शकणाऱ्यापेक्षा किती जास्त देतो. समजा पहिला बचावपटू सामन्याला १४ देतो आणि एकतिसावा ८. फरक सहाचा. पहिला चढाईपटू २४ देतो आणि एकविसावा १६. फरक आठचा. चोवीस आणि चौदा बघून वाटतं चढाईपटू फारच पुढे, पण निवडताना मोजायचे ते आठ आणि सहा. हे लक्षात आलं की पहिल्याच फेरीत चांगला कोपरा उचलणारा मूर्ख ठरत नाही. तुमच्या लीगमध्ये पहिल्या दहा निवडींत एकही बचावपटू गेला नाही, तर भाव किंवा जागा यांपैकी काहीतरी चुकलंय असं समजा.

निवड चिठ्ठ्या टाकून नागमोडी करा: पहिल्या फेरीत एक ते दहा, दुसरीत दहा ते एक. वेळ असेल तर लिलाव त्याहून चांगला. प्रत्येकाला शंभर काल्पनिक नाणी द्या आणि बोली लावा. लिलावात गंमत अशी की गुणपद्धतीत चूक राहिली असेल तरी बोलीतच ती बरीचशी भरून निघते. पकडीला गुण कमी असतील तर बचावपटू स्वस्तात जातात आणि उरलेली नाणी दुसरीकडे वापरता येतात. आमचा लिलाव व्हिडिओ कॉलवर अडीच तास चालला, त्यातला पाऊण तास 'आवाज येत नाहीये' यात गेला.

कर्णधाराला दुप्पट गुण हा नियम अ‍ॅप्सनी सगळ्यांच्या अंगवळणी पाडलाय. छोट्या संघात तो फार जड होतो. सहाही खेळाडूंनी प्रत्येकी दहा गुण केले आणि कर्णधाराचे वीस झाले तर सत्तरातले वीस त्याचेच, म्हणजे २९ टक्के. एका माणसाच्या घोट्याला लचक आली की आठवडा संपला. दीडपट ठेवा, किंवा काढूनच टाका. आम्ही दीडपट ठेवलाय.

'सुपर टेन' आणि 'हाय फाइव्ह'चं बक्षीसही असंच. चढाईच्या दहाव्या गुणाला वेगळे दहा दिले तर नऊ स्पर्शवाल्याला २७ आणि दहा स्पर्शवाल्याला ४०. एका स्पर्शाची किंमत तेरा. कड्यावरून पडल्यासारखं. मजा म्हणून द्यायचंच असेल तर दोन गुण द्या, त्याहून जास्त नको.

शीट मोबाइलवर कशी मांडायची

गूगल शीट्सच्या अ‍ॅपवरही हे होतं, पण पहिली मांडणी शक्यतो लॅपटॉपवर करा. 'भाव' नावाचा एक टॅब, त्यात सहा आकडे एका ओळीत: स्पर्श ३, बोनस २, बाद उणे १, पकड ४, अव्वल पकड ६, फसलेली पकड उणे १. 'सामने' नावाचा दुसरा टॅब. त्यात एका खेळाडूच्या एका सामन्याला एक ओळ, आणि हेच सहा रकाने त्याच क्रमाने. शेवटच्या रकान्यात समप्रॉडक्ट फंक्शन: त्या ओळीतले सहा आकडे गुणिले भावाची ओळ. भावाच्या ओळीच्या पत्त्यात डॉलरचं चिन्ह लावायला विसरू नका. नाहीतर सूत्र खाली ओढलं की ते एकेक ओळ सरकतं आणि सगळे शून्य दिसायला लागतात. मित्रनिहाय बेरजेला समइफ पुरतं.

भाव सूत्राच्या आत थेट टाइप करू नका. वेगळ्या टॅबमध्ये ठेवले की एक आकडा बदलून अख्खा हंगाम पुन्हा मोजता येतो. पुढची पायरी त्यावरच चालते.

आधी मागचा हंगाम खेळवून बघा

नवी पद्धत चालू हंगामावर सोडायची नाही. मागच्या हंगामातले पंधरा-वीस सामने शीटमध्ये भरा. मेहनत आहे, पण दहा जणांत वाटली तर एका संध्याकाळचं काम. मग गुणांप्रमाणे पहिले वीस खेळाडू बघा. त्यात बचावपटू किती आहेत? ज्याला कबड्डी कळते अशा माणसाला ती यादी दाखवा, पण गुण झाकून. तो एखाद्या नावावर हसला तर ते नाव वर का आलं ते शोधा. आमच्या यादीत एक राखीव खेळाडू वर आला होता, कारण आम्ही सरासरी दर चढाईमागे काढत होतो. ती दर सामन्यामागे केल्यावर तो खाली गेला.

शेवटी एकेक भाव थोडा हलवून बघा. पकड ४ ची साडेचार केली, बोनस २ चा दीड केला. पहिले दोन क्रमांक अदलाबदल झाले तर ठीक. पण एवढ्याने पहिला थेट आठवा होत असेल तर तुमची लीग खेळावर चाललेली नाही, तुमच्या एका आकड्यावर चाललीय.

हंगाम सुरू झाला की 'भाव' टॅब लॉक. शीटमध्ये 'संरक्षित करा' हा पर्याय असतो, आणि किल्ली लीग चालवणाऱ्याने स्वतःकडे ठेवायची नाही, दुसऱ्या कुणाला द्यायची. चूक सापडली तरी ती 'पुढच्या वर्षी' नावाच्या टॅबमध्ये लिहायची आणि चालू हंगाम तसाच पुढे न्यायचा. आकडे कुठून घ्यायचे (आम्ही प्रो कबड्डीच्या अधिकृत साइटवरून घेतो), किती वाजता गोठवायचे (दुसऱ्या दिवशी सकाळी दहा) आणि बरोबरी झाली तर कोण पुढे (ज्याच्या बचावपटूंचे गुण जास्त तो), हेही आधीच लिहून ठेवा. बाराव्या हंगामात साखळी सामन्यांतही बरोबरी टायब्रेकरने फोडायची पद्धत आली. त्यातल्या पाच चढायांचे गुण आम्ही धरत नाही. तिथे गडी बाद होणं आणि जिवंत होणं हा भाग नसतो, म्हणजे आपला सगळा हिशेबच तिथे लागू होत नाही.

नव्या पद्धतीची यादी, गुण झाकून, मी ज्याला दाखवली तो अर्थात कोपऱ्यावालाच होता. त्याने तीन नावं खोडली, दोन वर सरकवली आणि परत लीगमध्ये आला. बाराव्या हंगामात तो चौथा आला. रील्सवाला दुसरा. 'पुढच्या वर्षी' टॅबमध्ये सध्या एकच सूचना आहे, त्याचीच: साखळी पकडीत मदत करणाऱ्याला एक गुण द्यावा. आकडे कुठेच मिळत नाहीत, प्रत्येक सामन्याचं रेकॉर्डिंग बघून हाताने मोजावे लागतील. त्याच्यासमोर त्याने लिहिलंय, 'मी मोजतो. पण अजून एकजण पाहिजे, माझ्यावर एकट्यावर ठेवू नका.' त्या रकान्यात अजून दुसरं नाव आलेलं नाही.